अर्ध्यावर ओढलेल्या शटरबद्दल

ठाणे शहरात रात्री काय उघडं राहील आणि काय बंद होईल, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या ज्यांच्याकडे आहे त्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या डोक्यावर एखादं नेमकं पद घालता आलं नाही, त्याचं कारण आधी सांगते. आमच्या इमारतीला लागून एक परमिट रूम आहे, म्हणजे परवान्याचा बार. तिच्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेल्या वर्षी तक्रारअर्ज लिहिला आणि त्याच्या चार प्रती काढल्या. पहिल्या कार्यालयात सांगण्यात आलं, आवाजाचं आम्ही बघू, पण वेळेचं आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, वेळ आमची, पण गच्चीवरचा पत्रा आमचा नाही. तिसरीकडे उत्तर मिळालं, पत्रा आमचा, पण आमचं ऑफिस संध्याकाळी सुटतं, रात्रीचं काय ते तुम्ही पहिल्या ठिकाणी विचारा. तीन प्रतींवर तीन गोल शिक्के पडले. सेक्रेटरी काकांना साठीनंतर एवढं चालणं पहिल्यांदाच झालं, म्हणून त्यांच्या शुगरला तेवढा फायदा झाला. चौथी प्रत माझ्याकडे आहे.

मी घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या अलीकडे राहते. ऐरोलीच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा ही माझी ड्युटी. ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला उतरायचं, सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलाखाली, शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं आणि नाक्यावर उतरून घरापर्यंत चालायचं, असं वर्षानुवर्षं चालू आहे. घरात पाऊल टाकते तेव्हा बहुतेक वेळा एक वाजत आलेला असतो. म्हणजे ज्या वेळेबद्दल तुम्ही आदेश काढता, त्या वेळेला मी रस्त्यावर असते. रात्री सगळं लवकर बंद करा म्हणणारे म्हणतात, बायकांच्या सुरक्षेसाठी. उघडं ठेवा म्हणणारेही बायकांचंच नाव घेतात. मला दोघांपैकी कोणीच विचारलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नाक्यापासून माझ्या घरापर्यंत साधारण चारशे पावलं. त्यातली पहिली शंभर दुकानांच्या कडेने, मग एका बंद कंपनीची लांबलचक भिंत, मग आमचं गेट. या वाटेवर पूर्वी रात्री साडेबारालाही चार दिवे असायचे. एक मेडिकल, एक पानटपरी, सायकलवर किटली बांधून फिरणारा चहावाला, आणि भिंत सुरू होते तिथे एक भुर्जीची गाडी. गाडीवाला कोल्हापूरकडचा. आठवड्यातून दोनदा तरी मी त्याच्याकडून भुर्जी-पाव बांधून घ्यायचे, कारण घरी सगळे झोपलेले आणि त्या वेळी भांडी वाजवायची माझी हिंमत नाही.

तीनेक वर्षांपूर्वी एक मोटरसायकल नाक्यापासून माझ्या मागे लागली. मी गाडीपाशी थांबले. भुर्जीवाल्याने वर पाहिलं, मागे पाहिलं, खालून एक स्टूल ओढून पुढे केलं आणि म्हणाला, "ताई, कांदा जास्त ना?" मी काही मागितलंच नव्हतं. त्याने अंडी फोडली, तवा मोठ्याने वाजवला, जरा जास्तच वाजवला. मोटरसायकल दोन चकरा मारून गेली. मग त्याने आपल्या पोऱ्याला गेटपर्यंत माझ्याबरोबर पाठवलं. एवढंच. कुठे नोंद नाही, कुठल्या आकडेवारीत हे येणार नाही.

ती गाडी आता साडेअकराला उठते. जीप येते, शिट्टी वाजते, "ए, आवर रे, आवर," असा आवाज येतो आणि पाच मिनिटांत चारही दिवे जातात. मेडिकलवालाही कटकट नको म्हणून शटर ओढतो. शिट्टी वाजवणाऱ्या हवालदारावर माझा राग नाही. तोही सकाळपासून उभा असतो आणि दिवे गेल्यावर त्यालाही चहा मिळत नाही. गाडी फूटपाथवर लागते, चालणाऱ्याला खाली उतरावं लागतं, हेही मला मान्य आहे. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ साली झाला, त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्रं, ठरवून दिलेल्या जागा असं सगळं लिहिलेलं आहे. आमच्या भुर्जीवाल्याकडे यातलं काहीच नाही, म्हणून शिट्टी त्याच्यावर सगळ्यात सोपी.

आणि त्याच वाटेच्या शेवटी, आमच्या इमारतीला लागून, परमिट रूम दीडपर्यंत उघडी असते, तीही कायद्याने. दीडनंतर शटर अर्ध्यावर येतं. वाकून आत जाता येतं एवढं. ते तीनपर्यंत तसंच असतं. त्या अर्ध्या शटरवर शिट्टी वाजलेली मी ऐकली नाही. का, ते मला ठाऊक नाही आणि जे सगळी गल्ली बोलते ते मी पुराव्याशिवाय लिहिणार नाही.

मी कायदा शिकलेली नाही, पण अर्जाच्या निमित्ताने थोडं वाचलं. वाचल्यावर लक्षात आलं की आमच्या एकाच गल्लीत पाच घड्याळं लावलेली आहेत. तळमजल्याचं वाइन शॉप साडेदहाला बंद. शेजारची परमिट रूम दीडला. तिच्या गच्चीवरचा स्पीकर, ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे, रात्री दहा ते सकाळी सहा वाजताच कामा नये, कारण बंदिस्त सभागृहाला जी सवलत आहे ती पत्रा टाकलेल्या गच्चीला नाही. मेडिकल आणि बिनदारूचं हॉटेल चोवीस तास उघडं राहू शकतं. भुर्जीची गाडी जीप येईपर्यंत. उद्या कोणी वरच्या मजल्यावर नाचाचा परवाना आणला, तर सहावं घड्याळ येईल: संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा. डान्सबारच्या २०१६च्या कायद्यातल्या बऱ्याच अटी सुप्रीम कोर्टाने २०१९ साली काढून टाकल्या, पण ही वेळ तशीच ठेवली. आणि नाताळ व ३१ डिसेंबर आले की परमिट रूमचा काटा पहाटे पाचवर आणि वाइन शॉपचा एकवर सरकतो. एरवी दीडनंतर जे शहराला धोक्याचं असतं, ते त्या दोन-तीन रात्री का नसतं, हे मला कोणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

यातलं सगळ्यात कमी माहीत असलेलं घड्याळ चोवीस तासांचं. दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ला लागू झाला. दारू, हुक्का वगैरेंची ठिकाणं वेगळी काढून बाकीच्यांवरची बंद करण्याची वेळच त्याने उठवली. जानेवारी २०२०मध्ये मुंबईत मॉल आणि मिलच्या आवारांसाठी 'मुंबई चोवीस तास' म्हणून गाजावाजा झाला, दोन महिन्यांत कोरोना आला आणि विषय मिटला. एवढं होऊनही २०२५च्या ऑक्टोबरमध्ये शासनाला पुन्हा आदेश काढून सांगावं लागलं, की बाबांनो, दारू न देणारी दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास चालू शकतात, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्या. हे पुन्हा का सांगावं लागलं? तर पोलीस आणि स्थानिक यंत्रणा बंद करायला लावतात, अशा तक्रारी येत होत्या म्हणून. आमच्या मेडिकलवाल्याने त्या आदेशाची प्रत काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. शिट्टी वाजली की तिच्यावर शटरची सावली पडते.

आता दीड वाजताचं सांगते, कारण तुमच्यापैकी किती जण त्या वेळी आमच्या गल्लीत उभे राहिले असतील कोण जाणे.

एक वाजता वेटर टेबलांवरून फिरतो, "लास्ट ऑर्डर." मी खिडकीतून ऐकते, आमचा दुसरा मजला आहे. ज्याचे दोन झालेले असतात तो घाईने आणखी दोन मागवतो. जे तासाभरात प्यायचं ते वीस मिनिटांत पोटात जातं. दीडला बिल, बिलावरून बाचाबाची, आणि मग साठ-सत्तर माणसं एकदम रस्त्यावर. ट्रेन नाही, बस नाही. रिक्षावाल्यांनी रात्री बारा ते पाच मीटरवर पंचवीस टक्के जास्त घ्यायचे असतात. त्या वेळी मीटर दिसतो तरी कुठे. खायला काही नाही, कारण भुर्जीची गाडी दोन तासांपूर्वी उठवलेली. मुतारी नाही, म्हणजे आमची भिंत. मग कोणीतरी गाडीतला म्युझिक सिस्टीम लावतो. कोणीतरी रडतो, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण दर शनिवारी कोणीतरी रडतंच. शेवटी निम्मे जण स्वतःच गाड्या चालवत निघतात. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवणाऱ्याची मर्यादा आहे. मी रोज रक्ताच्या नळ्या हाताळते, त्यामुळे तीस म्हणजे किती थोडं असतं ते मला कळतं. घाईच्या त्या शेवटच्या वीस मिनिटांनंतर यातलं कोणी त्याच्या खाली असेल, हे संभवतच नाही.

माझी भाची मेलबर्नला असते. तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, मावशी, हे इथे पन्नास वर्षं करून झालंय. पहिल्या महायुद्धात, १९१६च्या सुमाराला, ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच राज्यांनी पब संध्याकाळी सहाला बंद करायला लावले. माणसं कामावरून पाचला सुटायची आणि तासाभरात जेवढी ढोसता येईल तेवढी ढोसायची. त्या प्रकाराला नावच पडलं, 'सिक्स ओ'क्लॉक स्विल'. सहाला सगळे एकदम फुटपाथवर. न्यू साऊथ वेल्सने ते १९५५ला बंद केलं, मेलबर्नला १९६६ उजाडलं. आमचं सहाऐवजी दीडला होतं, एवढाच फरक.

म्हणून वेळ आणखी अलीकडे आणा, अकराला बंद करा, असं जे म्हणतात त्यांना मी विचारते, की गर्दी एकदम रस्त्यावर आली, तर ती अकराला आल्याने शहाणी होईल का?

माझ्या सासूबाईंचं मत वेगळं आहे, तेही प्रामाणिकपणे लिहिते. त्यांना झोप नाही. त्यांचं म्हणणं, दहाला सगळं ठाणं बंद. पण याच सासूबाई नौपाड्यात वाढल्या आणि गडकरी रंगायतन नवीन होतं तेव्हाच्या गोष्टी रंगवून सांगतात: रात्रीचा प्रयोग सुटायला साडेबारा वाजायचे, मग सगळी गँग तलावपाळीला, मग गोखले रोडवरून गप्पा मारत चालत घरी. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या वेळी रात्री साडेबाराला उघडं होतं. त्या म्हणाल्या, "आमची रात्र वेगळी होती." त्यात तथ्य आहे. त्यांच्या रात्रीला स्पीकर नव्हता.

आणि त्यांचा खरा त्रास स्पीकरचाच आहे. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मी फोनवरच्या अ‍ॅपने सासूबाईंच्या उशाशी मोजलं, ६८ भरले. हे मोजमाप कुठे ग्राह्य धरत नाहीत, माहीत आहे. पण ४५ आणि ६८मध्ये फोनची चूक किती असेल? ११२ला फोन केला की पोलिसांची गाडी येते, हे मान्य केलं पाहिजे. आवाज खाली जातो. गाडी वळली की वर येतो. आमच्या गल्लीत दीडच्या घड्याळावर सगळ्यांची नजर असते, दहाच्या घड्याळाकडे कोणी बघत नाही. (वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकारला सणासुदीसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्या पंधरा दिवसांतल्या डीजेबद्दल मी या पत्रात लिहीत नाही. लिहिलं तर परमिट रूमचा मालक सोडून सगळे माझ्यावर नाराज होतील.) येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माझी मैत्रीण म्हणते, तुम्हाला निदान अर्ज तरी करता येतो, आमच्या वरच्या बाजूला नॅशनल पार्क आहे, तिथले रहिवासी अर्ज करत नाहीत.

कारवाई होत नाही असं नाही. होते, पण कुठेतरी माणूस मेल्यावर. २०२४च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला त्या महागड्या गाडीने दोन तरुण इंजिनिअर चिरडले, आणि जून संपता संपता आमच्याकडे ठाण्यात बुलडोझर फिरले. अनधिकृत बार, पबच्या शेड पाडल्या. मीही खिडकीत उभी राहून बघितलं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण त्या प्रकरणात मोडलेला नियम कोणता होता? गाडी चालवणारा मुलगा अठराही पूर्ण नव्हता आणि त्याला बारमध्ये दारू मिळाली होती, असं पोलिसांनी सांगितलं. आपल्या राज्यात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे घड्याळात दीड वाजायच्या आतच सगळं बिघडून झालं होतं. आमच्या शेजारच्या परमिट रूममध्ये कोणी दारात वय विचारताना मी पाहिलेलं नाही. तिथल्या काही पोरांचे चेहरे मी सकाळी कॉलेजच्या बसस्टॉपवर बघते.

त्याआधीचं मुंबईतल्या कमला मिलचं घ्या. २९ डिसेंबर २०१७. गच्चीवरच्या पबची आग, चौदा मृत्यू. आग लागली तेव्हा साडेबारा वाजत होते. म्हणजे वेळेच्या हिशोबाने सगळं नियमात होतं. माणसं गेली ती पेटत्या छताने, धुराने आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने. आमच्या शेजारच्या गच्चीवर बांबू आहेत, ताडपत्री आहे, खोट्या पानांच्या वेली आहेत आणि एकच जिना आहे, ज्यात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले असतात. २०२४ला तिथला पत्रा तुटला होता. गणपतीनंतर बांबू आणि पत्रा परत उभे राहिले. मी रोज रात्री त्या जिन्याकडे बघत जाते. या जिन्याला मात्र कोणतीच शिट्टी नाही.

रात्र म्हणजे फक्त दारू, असं धरून सगळे आदेश निघतात, म्हणून थोडं बाकीच्यांबद्दल. वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत, भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात, माथाडी पाठीवर पोती घेऊन पहाटेपर्यंत पळत असतात. ऐरोली-महापेच्या कंपन्यांमध्ये अमेरिकेच्या वेळेवर काम चालतं, त्यांच्या कॅबचे ड्रायव्हर बाहेर सीट मागे टाकून झोपतात. हॉस्पिटलं आहेत, आमच्यासारख्या लॅब आहेत, चारला पेपरचे गठ्ठे सोडणारे आहेत. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, म्हणजे उलव्याकडे आणखी माणसं रात्रपाळीला. आणि हो, परमिट रूमचे वेटर, आचारी, भांडीवाली पोरं. शटर पूर्ण बंद झालं की ती टेबलं जोडून त्यावर आडवी होतात, पहिली लोकल सुरू होईपर्यंत. अर्ध्या शटरचा पैसा त्यांना मिळत नाही. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, दीडला खरंच बंद झालं तर चालेल? तो म्हणाला, "मॅडम, देव करो."

बायकांचं कायद्यात लिहिलेलं आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात काम करून घ्यायचं तर तिची संमती हवी आणि तिला दारापर्यंत सोडायची व्यवस्था मालकाने करायची. आमच्या लॅबने गाडी दिली होती. तीन महिने. मग डिझेल, मग ड्रायव्हर, मग "तुम्हाला ट्रेन जवळ पडते ना". नोकरी हवी आहे, त्यामुळे लॅबचं नाव विचारू नका. ही तपासणी कोण करतं तेही सांगा, म्हणजे पाचव्या प्रतीची झेरॉक्स काढून ठेवते.

मला काय हवं, असं तुम्ही विचाराल. भुर्जीवाल्याला भिंतीच्या तोंडाशी एक जागा आखून द्या, रात्री दोनपर्यंतची, आणि त्याच्याकडून दिवा आणि कचऱ्याची हमी लिहून घ्या. चोवीस तासांचा जो आदेश मंत्रालयातून निघाला तो शिट्टी असलेल्या प्रत्येक माणसापर्यंत पोहोचवा, मराठीतच आहे तो. परमिट रूमला दारू ओतायची बंद एक वाजता करा आणि लोकांना अडीचपर्यंत बसू द्या, जेवू द्या, पाणी पिऊ द्या, म्हणजे ती एकेक करून घरी जातील. हे आपल्या नियमात बसतं का मला माहीत नाही; नसेल तर नियम तुमच्याच हातात आहेत. शनिवारी रात्री पावणेदोनला स्टेशनहून घोडबंदरला एक बस सोडा, तिकीट दुप्पट ठेवा, मीच पहिली बसेन. दारावर एक पाटी लावायला लावा: परवाना कोणता, वेळ किती, स्पीकर कुठपर्यंत, माणसं किती बसतात, बाहेर पडायच्या वाटा किती, आणि तक्रारीला एक नंबर. एकच. जो उचलणारा माणूस "हे आमच्याकडे येत नाही" असं म्हणू शकणार नाही.

हे जड वाटत असेल तर निदान येत्या शनिवारी रात्री एक वाजता नाक्यावर या. तिन्ही कार्यालयांमधून एकेक जण, साध्या कपड्यात. मी साडेबाराच्या पुढेमागे रिक्षातून उतरतेच. चारशे पावलं बरोबर चालू, जिना बघू, मग दीडपर्यंत आमच्या खिडकीत बसा. सासूबाई जाग्या असतात, चहा त्या करतील. चौथी प्रत तेव्हा हातात देते. तिघांपैकी कोणी शिक्का मारायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

आपली,
घोडबंदर रोडची एक रहिवासी
(दुसरा मजला, परमिट रूमच्या बाजूची खिडकी)